बाटली लावली म्हणजे जेवण झालं?

गेवराई तालुक्यातलं तलवाडा असो की बीड शहर, "लई गळून गेल्यासारखं झालंय, एक बाटली लावा" ही मागणी दवाखान्यात ठरलेली. त्यातही पिवळ्या बाटलीचा मान मोठा.

साध्या सलाईनच्या अर्धा लिटर बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ताकद शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे शंभरही कॅलरी नाहीत. एका भाकरीत याहून जास्त. पिवळा रंग मल्टिव्हिटॅमिनच्या इंजेक्शनचा, आणि जीवनसत्त्वांतून कॅलरी मिळत नाहीत. जुलाब-उलट्यांनी शरीर सुकलं असेल तर सलाईन जीव वाचवतं, पण ते पाण्याचं काम.

शिरेतून खरंखुरं जेवण देता येतं. त्याला टीपीएन म्हणतात. अमेरिकेत स्टॅन्ली डुड्रिक आणि सहकाऱ्यांनी 1968 च्या सुमारास ते यशस्वी करून दाखवलं. ग्लुकोज, अमिनो आम्लं आणि दुधासारखं पांढरं तेलद्रव्य आता बऱ्याचदा एकाच पिशवीच्या तीन कप्प्यांत असतं. लावण्याआधी मधले पडदे फोडून ते मिसळतात. द्रावण इतकं तीव्र की हाताची शीर सुजते, म्हणून नळी बहुधा मानेतल्या किंवा गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेत. तिथून जंतू शिरले तर थेट रक्तात. साखर वाढते, लिव्हरवर ताण येतो. बिलात पिशवीखेरीज रोजच्या रक्ततपासण्याही धरा.

दुसरा मार्ग नाकातून पोटात नळी घालून अन्न देण्याचा. पण नाकातून नळी म्हटलं की नातेवाईक हबकतात; "त्यापेक्षा शिरेतूनच द्या, पैशाचं बघू." पण महाग ते भारी, हा हिशेब इथे चालत नाही. इंग्लंडमधल्या 2,400 अतिदक्षता रुग्णांच्या 2014 च्या अभ्यासात तीस दिवसांत शिरेवाटे अन्न दिलेले 33.1 टक्के आणि नळीवाटे दिलेले 34.2 टक्के रुग्ण दगावले. फरक नगण्य. बेल्जियममध्ये 4,640 रुग्णांवर झालेला, 2011 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर आणखी बोलका: नळीचं अन्न कमी पडतं म्हणून शिरेतून लगेच भर घालण्याऐवजी आठवडाभर थांबलेल्यांना जंतुसंसर्ग कमी झाला, खर्चही माणशी सरासरी 1,110 युरोंनी घटला.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न आतड्याचा विचारा. ते चालू असेल तर नळी बरी. आतडं काढलेलं, अडलेलं किंवा गळत असेल, तर मात्र टीपीएनला बऱ्याचदा पर्याय नसतो.

आणि खूप दिवसांच्या उपाशी रुग्णाला पहिल्याच दिवशी भरपूर देणं घातक. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपकन उतरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून आधी थायमिन देतात आणि सुरुवात थोडक्यावर करतात, "एवढंच का देताय?" असं नातेवाईक विचारतात ते याच दिवसांत.