पाव मिलिमीटरचा दोष

सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या घरांत संध्याकाळ मोठी असते. दिवाळीच्या अमावास्येला आकाश निरभ्र आणि काळेभोर झाले, की अशा एखाद्या घराच्या गच्चीवर छोटी दुर्बीण मांडून, तिला कॅमेरा जोडून बसलेला नातू दिसतो. पूर्वेला कृत्तिका वर आलेल्या असतात. चित्र टिपले जाते. पण संगणकावर ते उघडताच मन खट्टू होते. मध्यावरचे तारे टाचणीच्या टोकासारखे रेखीव, तर एका कडेचे फुगलेले, लांबट. भिंगच सदोष असावे, असा निष्कर्ष निघतो आणि नव्या दुर्बिणीची किंमत विचारली जाऊ लागते.

अशा वेळी पेढीवर आयुष्य घालविलेल्या आजोबांचा प्रश्न मोलाचा ठरतो : "अरे, माल परत करण्याआधी काटा तपासलास का?"

येथे काटा म्हणजे फोकसर. दुर्बिणीच्या मागील टोकाला असलेली ही सरकती नळी चाकाने पुढे-मागे करून प्रतिमा स्पष्ट केली जाते. स्वस्त दुर्बिणींत ती केवळ डोळ्याने पाहण्यासाठी, हलक्या नेत्रिकेच्या हिशेबाने बनविलेली असते. तिच्यावर पाऊण-एक किलोचा कॅमेरा लटकविला, की नळी खाली झुकते. ८० मि.मी. व्यासाच्या आणि ४०० मि.मी. नाभीय अंतराच्या दुर्बिणीत प्रतिमा रेखीव राहण्यास सुमारे ०.०७ मि.मी. एवढीच मोकळीक असते. नळीचा आधार ६० मि.मी. लांब असून त्यात पाव मिलिमीटर सैलपणा असेल, तर नळी जवळजवळ पाव अंशाने कलते. मग २३.५ मि.मी. रुंदीच्या संवेदकाच्या दोन कडांत ०.१ मि.मी. फरक पडू शकतो. एक कड साधली, की दुसरी सुटते.

दोष नेमका कोठे आहे, हे ओळखण्याची रीत सोपी आहे. कॅमेरा नळीत अर्धा फिरवून पुन्हा चित्र घ्यावे. बिघडलेले तारे चित्राच्या त्याच कडेला राहिले, तर कल कॅमेऱ्यात आहे. ते समोरच्या कडेला गेले, तर फोकसरकडे वळावे.

दुरुस्ती दिवसा, घरात, भिंगावर झाकण ठेवून करावी. दुर्बीण आडवी ठेवून नळी पूर्ण बाहेर काढावी आणि तिचे टोक हलकेच वर-खाली हलवून पाहावे. प्रथम कॅमेऱ्याचा जोड तपासावा. नुसता खुपसून बसविलेल्या जोडापेक्षा आट्यांचा जोड अधिक पक्का असतो. दंतपट्टी व दंतचक्राच्या फोकसरमध्ये चक्रावरील झाकणाचे स्क्रू आळीपाळीने, थोडेथोडे आणि सारखे आवळावेत. चाक जड फिरू लागताच थांबावे. दाट, चिकट झालेले जुने ग्रीस पुसून नवे अगदी थोडे लावावे. तरीही नळी डुगडुगत असेल, तर तिच्या घराच्या आत टेफ्लॉनची पातळ पट्टी बसवावी. एकाच जाड पट्टीऐवजी दोन-तीन ठिकाणी सारख्या जाडीच्या पट्ट्या असाव्यात. कॅमेऱ्यापूर्वी जोडनळी घातली, तर सरकती नळी कमी बाहेर काढावी लागते आणि आत तिला अधिक आधार मिळतो.

एक चूक मात्र हमखास होते. नळी घसरू नये म्हणून तिला जागीच रोखणारा स्क्रू जोराने आवळला जातो. तो नळीला एकाच बाजूने ढकलतो आणि कल उलट वाढतो. फोकस साधल्यावर त्याला हलका हात पुरे.

काही फोकसरांना दातेच नसतात. चार बेअरिंग आणि एक दांडा यांच्या दाबाने त्यांतील नळी सरकते. ही रचना इंग्लंडमधील क्रेफर्ड येथील हौशी खगोलमंडळाचे जॉन वॉल यांनी शोधली. म्हणूनच तिला क्रेफर्ड फोकसर म्हणतात. वॉल यांनी तिचे पेटंट घेतले नाही. स्वतःच्या शोधावरचा हक्क त्यांनी सोडून दिला आणि ती जगभरच्या हौशी निरीक्षकांची झाली. परिग्रह सोडण्याचे हे उदाहरण जैन वाचकाला परके वाटणार नाही. या रचनेत दाब कमी पडल्यास, दुर्बीण डोक्यावरच्या आकाशाकडे वळविताच कॅमेऱ्याच्या भाराने नळी घसरते. दाबाचा स्क्रू किंचित आवळला, की ती स्थिरावते.

रात्री पुन्हा गच्चीवर जाताना मंद लाल दिवा न्यावा. त्याने डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही आणि पांढऱ्या दिव्याच्या मानाने त्यावर कीटकही कमी झेपावतात. कृत्तिकांचे नवे चित्र जुन्याशेजारी ठेवून चारही कोपरे ताडून पाहावेत. ते सारखे दिसू लागले, तर नव्या खरेदीचा विचार तेथेच थांबतो, आणि घरात आधीच असलेली वस्तू पुढची अनेक वर्षे कामास येते.