सशस्त्र संघर्षातील मृत्युगणना
एखाद्या देशातील सशस्त्र संघर्षात बळी पडलेल्यांची संख्या व तीत कालपरत्वे झालेले बदल सांख्यिकीच्या साहाय्याने निश्चित करण्याची प्रक्रिया. संघर्षकाळात जन्म-मृत्यू नोंदणीची नित्य व्यवस्था कोलमडते. त्यामुळे उपलब्ध नोंदींची बेरीज ही फार तर किमान संख्या होय. एखाद्या वर्षी नोंदी वाढल्या, तर हिंसा वाढली की नोंद घेणारे त्या भागात प्रथमच पोहोचले, हे केवळ आलेखावरून कळत नाही.

न नोंदलेल्या मृत्यूंच्या अनुमानासाठी याद्यांची परस्परांशी तुलना करतात. एका यादीत ४००, दुसरीत ३०० व दोहोंत समान ६० नावे असल्यास, दुसऱ्या यादीचा एक-पंचमांश भाग पहिलीत आढळतो. म्हणजे पहिलीने एकूण मृतांपैकी एक-पंचमांशच टिपले असे मानून एकूण संख्या २,००० येते. सी. चंद्रशेखरन व डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग यांनी १९४९ मध्ये बंगालमधील सिंगूर येथील जन्म-मृत्यूंच्या नोंदींना हे तत्त्व लावले होते. मात्र याद्या परस्परांपासून स्वतंत्र असाव्यात हे त्यातील गृहीत संघर्षकाळी क्वचितच टिकते. एका संस्थेला कळलेली घटना दुसरीलाही सहज कळते आणि अनुमान कमी येते. म्हणून तीन वा अधिक याद्या घेतात.

पेरू देशातील १९८०–२००० या काळातील संघर्ष हे याचे बोधप्रद उदाहरण होय. सत्य व समेट आयोगाने (स्थापना २००१) सु. १७,००० साक्षी नोंदविल्या. मृत व बेपत्ता मिळून २३,९६९ व्यक्तींची त्याच्याकडे नोंद झाली. अन्य संस्थांच्या याद्यांशी तुलना करून आयोगाने २००३ मध्ये ६९,२८० हे अनुमान मांडले (९५% विश्वास-मर्यादा ६१,००७ ते ७७,५५२). पूर्वी प्रचलित आकडा सु. २५,००० होता. ही तफावत कोठून आली, हे बळींच्या मातृभाषेवरून उमगते : त्यांपैकी ७५% लोक केचुआ वा अन्य देशी भाषा बोलणारे होते, १९९३ च्या जनगणनेत मात्र अशांचे प्रमाण अवघे १६% होते. आयाकूचो प्रांतातील खेड्यांत माणसे मारली जात असता राजधानी लीमाला त्यांची गणती नव्हती. कालानुक्रमे पाहता हिंसेची दोन शिखरे दिसतात : १९८३-८४ व १९८९-९०.

आयोगाच्या अनुमानानुसार ४६% मृत्यूंस ‘सेंदेरो लुमिनोसो’ ही बंडखोर संघटना व ३०% मृत्यूंस शासकीय दले जबाबदार होती. हा भाग अधिक वादग्रस्त ठरला. मानवी हक्क संस्थांच्या याद्यांत शासनाने केलेल्या हत्याच प्रामुख्याने असल्याने बंडखोरांच्या बळींचे अनुमान आयोगास अप्रत्यक्षपणे काढावे लागले होते. सिल्व्हिओ रेंदॉन यांनी २०१९ मध्ये यावर आक्षेप घेऊन एकूण संख्या सु. ४८,००० व तीत शासनाचा वाटा अधिक असल्याचे प्रतिपादिले. त्याच वर्षी मूळ अभ्यासातील तिघांनी नव्या पद्धतीने केलेल्या फेरगणनेत सु. ५८,००० ही संख्या आली.