भिंत बंद होण्याआधी

घर नव्यानं करताना : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण विजेच्या वायरिंगसाठी झिऱ्या मारून घेतल्या. कटरची धूळ अजून खाली बसलेली नाही, भिंती उघड्या आहेत आणि दोन दिवसांत गवंडी प्लास्टरला हात घालेल. इंटरनेटच्या तारेचा विचार करायचा तो नेमका याच दोन दिवसांत. बहुतेक घरांत तो रंगकाम झाल्यावर सुचतो आणि मग चौकटीवरून, कपाटामागून एक पांढरी पट्टी घरभर फिरत राहते.

आमच्या घराचं काम पहिल्यांदा निघालं तेव्हा मी वायरमनचं ऐकलं होतं. "साहेब, एकच तर तार आहे, पाइप कशाला? प्लास्टरमध्ये दाबून टाकतो." तीन वर्षांनी फ्रेम लावताना ड्रिलचं टोक त्या तारेतून आरपार गेलं. पाइप असता तर जुन्या तारेच्या टोकाला नवी बांधून ओढली असती आणि तासाभरात काम झालं असतं. सिमेंटनं धरलेली तार मात्र जागची हलली नाही. तेव्हापासून घराचं काम काढणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो, तार कुठली घ्यायची ते नंतर ठरवू, आधी पाइप टाका.

वायफाय असताना तार कशाला, हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे इमारती आरसीसीच्या. काँक्रीट आणि आतल्या सळया रेडिओलहरींना अडवतात. वेगवान असलेला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा तर दोन भिंती ओलांडता ओलांडता दमतो. फायबरचा बॉक्स बसतो दाराजवळ आणि मुलांचं अभ्यासाचं टेबल असतं घराच्या दुसऱ्या टोकाला. मधल्या पॅसेजच्या छताला एक वायफाय पॉइंट लावून तिथपर्यंत तार नेली की हा प्रश्न सुटतो. म्हणजे चांगलं वायफाय हवं असेल तरी भिंतीतून तार न्यावीच लागते.

दोन बेडरूमच्या फ्लॅटचा हिशेब मांडून पाहू. टीव्हीमागे दोन, अभ्यासाच्या टेबलाशी दोन, दोन्ही बेडरूममध्ये एकेक, पॅसेजच्या छताला एक, दाराबाहेरच्या कॅमेऱ्याला एक. या आठही तारा फांदी न फोडता, मध्ये कुठेही न जोडता, एकाच जागी आल्या पाहिजेत. ही जागा बहुधा दारावरचा माळा किंवा चपलांच्या कपाटाचा वरचा कप्पा. तिथे विजेचे किमान तीन सॉकेट, थोडी हवा आणि बाहेरच्या डक्टपासून फायबर आत यायला स्वतंत्र पाइप हवा. वायफायचा राउटर मात्र पत्र्याच्या पेटीत कोंडू नका, पत्रा लहरी बाहेरच पडू देत नाही. प्रत्येक तार सरासरी १५ मीटर धरली तरी आठ तारांचे १२० मीटर होतात. तारेचा खोका येतो ३०५ मीटरचा, तेव्हा हात आखडायचं कारण नाही.

पाइप २५ मिलिमीटरचा घ्यावा. वळणावर काटकोनी एल्बो नको, लांब गोलाईचा बेंड हवा. दोन बॉक्सच्या मध्ये दोनपेक्षा जास्त वळणं आली तर तार ओढताना हात टेकावे लागतात. पाइपमध्ये जी. आय. तार आधीच घालून ठेवायची आणि दोन्ही तोंडांत कागदाचा बोळा कोंबायचा. हा बोळा फार महत्त्वाचा. प्लास्टरचा एक थेंबगोळा पाइपमध्ये जाऊन वाळला की तो पाइप गेलाच. खांब आणि बीम यांना झिरी मारू द्यायची नाही, मग वाट लांबची पडली तरी चालेल. विजेच्या पाइपमधून ही तार कधीही न्यायची नाही. तिचं आवरण २३० व्होल्टसाठी केलेलं नसतं, म्हणजे इथे प्रश्न नुसत्या व्यत्ययाचा नाही, जिवाचा आहे. दोन्ही पाइप शेजारून जाणार असतील तर फूटभर अंतर ठेवावं आणि एकमेकांना छेदायचे असतील तर काटकोनात छेदावेत.

आता तार. दुकानात कॅट-५ई, कॅट-६, कॅट-६ए, कॅट-७ अशी नावं कानावर पडतील. कॅट-५ई १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट नेते. कॅट-६ तेवढं करतेच, शिवाय साधारण ३७ ते ५५ मीटरपर्यंत दहा गिगाबिटही नेऊ शकते. फ्लॅटमधली सर्वांत लांब तार २५ मीटरच्या पुढे क्वचितच जाते, त्यामुळे माझं मत स्वच्छ कॅट-६ला आहे. कॅट-६ए जाड आणि ताठ असते, आपल्या उथळ बॉक्समध्ये ती वळत नाही. कॅट-७ला अमेरिकेतल्या टीआयए या मानकसंस्थेची मान्यताच नाही, तिच्या नावावर जादा पैसे देऊ नयेत.

नंबरापेक्षा धातू बघा. ओळखीच्या एका घरी खोका आला तो उचलतानाच हलका लागला. टोक सोलून एक तार ब्लेडनं खरवडली. तांब्याचा रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि खाली पांढुरका, चमकणारा धातू दिसला. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत 'सीसीए' छापलेलं होतं, ते कोणी वाचलं नव्हतं. अॅल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक. कॅमेरा किंवा छतावरचा वायफाय पॉइंट याच तारेतून वीज घेतो, तेव्हा अशी तार जास्त तापते. ती दोन-तीनदा वाकवली तरी तुटू शकते. खोका परत गेला. दुकानदाराला 'पूर्ण तांब्याची' असं बिलावर लिहून द्यायला सांगा.

या तारेचा सगळा जीव तिच्या पिळात आहे. आत आठ तारा, त्यांच्या चार जोड्या. जोडीतल्या एकीवरून संदेश जातो आणि दुसरीवरून त्याचीच उलटी प्रत. पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोघींवर जवळपास सारखाच पडतो; पलीकडचं यंत्र दोघींतला फरक तेवढा मोजतं आणि गोंगाट वजा होतो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलनं टेलिफोनच्या तारांसाठी ही युक्ती काढली, १८८१मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि आपल्या भिंतीत आज तीच वापरली जाते. चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळा असतो, म्हणजे त्या एकमेकींच्या संदेशात ढवळाढवळ करत नाहीत.

म्हणून टोक बांधताना कारागिराच्या हाताकडे लक्ष ठेवा. सोयीसाठी तो तीन-तीन इंच पीळ उलगडतो. मर्यादा आहे १३ मिलिमीटरची, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. "दादा, पीळ जॅकच्या तोंडापर्यंत राहू दे," एवढं सांगितलं की समजूतदार माणूस ऐकतो. भिंतीतल्या तारेला थेट प्लग न लावता बॉक्समध्ये जॅक बसवून घ्यावा. आतली तार एकसंध तांब्याची असते, रोजची ओढाताण तिला सोसत नाही. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवायचा. आपल्याकडे बहुतेक जण ५६८बी वापरतात : पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

तार पाइपात ओढायची ती प्लास्टर वाळल्यावर, रंगाच्या शेवटच्या हाताआधी. ओढताना एकानं पलीकडून सरकवत राहावं, हिसका देऊ नये. साधारण ११ किलोच्या पुढे ताण गेला की आतला पीळ सैल होतो. मग तपासणी. टेस्टरवर आठही दिवे लागले की वायरमन सामान आवरायला घेतो, पण त्याला थोडं थांबवा आणि प्रत्येक पॉइंटला लॅपटॉप लावून जोडणीचा वेग पाहा. तिथे १००० दिसायला हवेत. १०० दिसले तर एखादी तार नीट बसलेली नाही. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चार पुरतात, त्यामुळे नेट बंद पडत नाही, नुसतं गुपचूप मंदावतं. ३०० मेगाबिटचे पैसे भरून वर्षानुवर्षं ९४वर चालणारी घरं मी पाहिली आहेत.

हे सगळं पुढचं. आज संध्याकाळी गवंडी यायच्या आत प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढा, पाइप जमिनीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते आकडे वाचता येतील असे. पाइपच्या तोंडाशी कागदी पट्टीवर खोलीचं नाव लिहून चिकटवा. बोळे एकदा हातानं दाबून पाहा.