मुक्कामाची वही आणि हातातला मोबाईल

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीतील तीन कुटुंबे मिळून धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला निघालो. भाड्याची क्रूझर, मागे स्टोव्ह, पातेली, सतरंज्या आणि पाण्याचे दोन कॅन. ड्युटी करून निघाल्यामुळे वाटेत मुक्काम करावा लागणार होता. पोरांनी मोबाईलवर एक लॉज शोधला. फोटो झकास, शेरेही चांगले. रात्री दहाला पोहोचलो. काउंटरवरच्या माणसाने आधी आडनाव विचारले, मग "खोल्या भरल्या" म्हणून सांगितले. त्याच्या मागे फळीवर किल्ल्या लटकत होत्या. बायका-मुलींनी ती रात्र पेट्रोल पंपाच्या आवारात गाडीत बसून काढली.

पहाटे मी वडिलांची जुनी वही उघडली. ते पूर्वी अकोला-अमरावती मार्गे ट्रक भरून माणसे नेत असत. कोणत्या गावात विहार आहे, चावी कोणाकडे, पाणी कुठे, चूल कुठे मांडू देतात, सगळे पेन्सिलीने लिहिलेले. एका गावी पोहोचलो तर विहीर बुजलेली होती. दुसऱ्या गावी मात्र विहाराचे दार उघडले आणि एका आजीने वडिलांचे नाव ऐकताच चहा ठेवला.

मोबाईल फसला, वहीही अर्धी फसली. मग खरे काय?

बाबासाहेबांचा प्रवास

१९३४ साली बाबासाहेब चळवळीतील सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात त्यांनी तो प्रसंग सांगितला आहे. प्रवासाचा गाजावाजा नको म्हणून फक्त मुक्कामाच्या गावच्या आपल्या माणसांना कळविले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी धुळीने माखलेली तोंडे आणि पाय हौदावर धुतले, तर पाणी बाटविले म्हणून जमाव धावून आला. कुठे थांबावे आणि कुठे पाण्याला हात लावावा, ही माहिती आपल्यासाठी कधीच केवळ सोयीची नव्हती.

पोस्टमनचे पुस्तक

अमेरिकेतल्या काळ्या माणसांचेही तेच होते. गाडी घ्यायला पैसा होता, पण रात्री खोली कोण देणार? न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत राहणारे पोस्टमन व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून एक पुस्तिका काढली. काळ्या प्रवाशाला कोणते हॉटेल, कोणती खाणावळ, कोणते गॅरेज दारात उभे करते, त्याची गाववार यादी तिच्यात असे. हॉटेल नसेल तिथे आपल्याच लोकांच्या घरातल्या खोल्यांचे पत्ते. प्रवास करणारी माणसेही माहिती कळवायची. या पुस्तिकेची गरज उरणार नाही असा दिवस यावा, अशी आशा ग्रीन यांनी तिच्यात व्यक्त केली होती. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला आणि १९६६-६७ चा अंक शेवटचा ठरला.

दोन्ही हवेत

तिकडे आता घरासारख्या गाड्या घेऊन लोक फिरतात. छापील मार्गदर्शिका बरी की मोबाईल, हा वाद त्यांच्यातही आहे. आपल्या राज्य शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आपली कॅराव्हॅन म्हणजे भाड्याची क्रूझर, पण प्रश्न तोच.

जे रोज बदलते ते मोबाईलवर पाहावे. गाडीची वेळ, पाऊस, बंद रस्ता. समृद्धी महामार्ग २०२२ साली सुरू झाला, तो वडिलांच्या वहीत कसा असणार? पण त्या महामार्गावर वहीतली मुक्कामाची गावे लागत नाहीत, हे मोबाईल सांगत नाही.

जे सहसा बदलत नाही ते कागदावर असावे. अजिंठा लेणी सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटला लावून पुढे बसने जावे लागते. बॅटरी संपली, रेंज गेली, तरी कागद वाचता येतो.

आणि तिसरी गोष्ट दोन्हींतही सहज सापडत नाही. बायकांसाठी संडास आहे का, त्याला आतून कडी आहे का, स्टोव्ह पेटवू देतात का, आडनाव ऐकून चेहरा बदलतो का? हे जाऊन आलेल्या माणसालाच ठाऊक.

म्हणून प्रत्येक विहारात एक वही ठेवावी. प्रवासाहून आलेल्या कुटुंबाने चार ओळी लिहाव्यात, पुढे तारीख घालावी. तारखेशिवाय माहिती म्हणजे बुजलेली विहीर. वर्षातून एकदा महिला मंडळाने ती तपासावी, पोरांनी तिचे फोटो काढून गावोगाव मोबाईलवर पाठवावेत, म्हणजे वही आणि मोबाईल एकमेकांचे सोबती होतील.

आमच्या विहारातली वही सुरू झाली आहे. पहिल्या पानावर त्या आजीच्या गावाचे नाव आहे. आडनावासाठी वेगळा रकाना मीच आखला आहे. तो कोरा राहील असे दिवस माझ्या मुलीला दिसावेत, एवढीच इच्छा.