हलक्या कॅमेऱ्याचं दशक

मे 2010 मध्ये सोनीने एनईएक्स-5 नावाचा एक चपटा कॅमेरा जाहीर केला. त्याला पंधरा वर्षं होऊन गेली, पण वाशीमच्या एकाही स्टुडिओत त्याची आठवण निघालेली मी ऐकली नाही. ती निघायला हवी होती. त्या कॅमेऱ्यापासून सुरू झालेलं दशक आमच्यासारख्या जिल्ह्यात फिरून फोटो काढणाऱ्यांचं सगळ्यात सुखाचं दशक होतं, आणि ते संपलं हे मला गेल्या लग्नसराईत फार लागलं. रिसोडकडचा एक तरुण नुकताच या धंद्यात पडला आहे. त्याने विचारलं, "काका, वजनाला हलका, डोळ्याला लावता येईल आणि मांडवात दगा देणार नाही असा मिररलेस कोणता घेऊ?" मी नावं सांगत गेलो आणि प्रत्येक नावामागे "पण" लावत गेलो. दहा वर्षांपूर्वी हेच उत्तर मी एका दमात दिलं असतं.

त्याआधीची वर्षं लवकर उरकतो. रोलचा काळ मला कधीच रम्य वाटला नाही. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, तरी आमचा रंगीत रोल धुवायला अकोल्यालाच जायचा. याशिका, पेंटॅक्स के1000, व्हिव्हिटारचा फ्लॅश आणि 36 फोटोंचा काटेकोर हिशेब, एवढंच त्या काळाचं सांगण्यासारखं. मग डीएसएलआर आले. 2008 मध्ये व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर, निकॉनचा डी90, बाजारात आला आणि पुढे मंगरुळपीर-मालेगावपर्यंत करिझ्मा अल्बम पोचला. काम सुधारलं, पण दोन बॉडी, लेन्सा आणि फ्लॅश भरलेली बॅग मोटारसायकलवर घेऊन मानोऱ्याकडच्या तांड्यांवर जायचं म्हणजे संध्याकाळी मान आणि खांदे कामातून गेलेले असायचे.

डीएसएलआरच्या पोटात लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये एक आरसा असतो. तो प्रकाश वर डोळ्याकडे पाठवतो आणि बटण दाबलं की बाजूला होतो. या आरशासाठी जागा लागते, म्हणून निकॉनच्या बॉडीत लेन्सच्या कड्यापासून सेन्सरपर्यंत 46.5 मिलिमीटर अंतर ठेवलेलं असे. मिररलेसने आरसाच काढून टाकला आणि सोनीने ते अंतर 18 मिलिमीटरवर आणलं. पॅनासॉनिक आणि ऑलिंपस यांनी 2008-09 मध्येच ही वाट धरली होती, पण त्यांचा सेन्सर लहान होता. एनईएक्स-5 मध्ये डी90 च्या जवळपास त्याच मापाचा सेन्सर होता. बॅटरी आणि कार्ड धरून डी90 चं वजन 700 ग्रॅमच्या वर आणि एनईएक्स-5 चं 287 ग्रॅम. ज्याने दिवसभर गळ्यात कॅमेरा अडकवला आहे त्याला या दोन आकड्यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

त्याचं खरं बळ मला पोहरादेवीला कळलं. रामनवमीच्या यात्रेला देशभरातून बंजारा समाज तिथे येतो. आरसे जडवलेली कांचळी आणि फेटिया घातलेल्या म्हाताऱ्या बाया जत्रेत सावली धरून बसलेल्या असतात. मोठा काळा कॅमेरा डोळ्याला लावला की त्या तोंड फिरवायच्या, नाहीतर पासपोर्टच्या फोटोसारख्या ताठ व्हायच्या. लहान कॅमेऱ्याचा पडदा वर तिरपा होत असे. तो पोटाशी धरायचा, तोंड उघडं ठेवायचं, गोष्टी करत राहायचं आणि मध्येच बटण दाबायचं. समोरच्या बाईला माझा चेहरा दिसत राहायचा, त्यामुळे तिचाही चेहरा मोकळा राहायचा. माझे सगळ्यात चांगले फोटो या एका तिरप्या पडद्याने दिले आहेत, महागड्या लेन्सांनी नाही.

आणखी एक सुख होतं. सेन्सर इतका पुढे आल्यामुळे मध्ये एक रिकामं कडं बसवून कोणतीही जुनी लेन्स लावता येत असे. रोलच्या काळातली, कपाटात बुरशी धरायला लागलेली पेंटॅक्सची 50 एमएम पुसून लावली की पोर्ट्रेट काढायला तिच्यासारखी दुसरी लेन्स नसायची. फोकस हाताने करावा लागे. पुढे फर्मवेअरमधून फोकस पीकिंग आलं आणि जिथे फोकस बसला आहे त्या कडा पडद्यावर रंगाने उजळू लागल्या. वाशीमच्या पद्मतीर्थाच्या काठावर आणि बालाजी मंदिराच्या आवारात मी त्या लेन्सने मनसोक्त काम केलं.

दोषही सांगितले पाहिजेत, आणि ते लहान नव्हते. एनईएक्स-5 ला व्ह्यूफाइंडर नव्हता. वऱ्हाडातल्या वैशाखात भर दुपारी पडद्यावर आपलंच तोंड दिसतं, नवरदेव दिसत नाही. फोकस कॉन्ट्रास्टवर चालायचा, म्हणजे लेन्स पुढे-मागे सरकत तीक्ष्ण जागा शोधायची, ती ओलांडायची आणि परत यायची. वीज गेलेल्या मांडवात, इन्व्हर्टरच्या एका बल्बखाली ही शोधाशोध होईपर्यंत हार घालून झालेला असे. फ्लॅशसाठी नेहमीचा हॉट शू नव्हता, त्यामुळे घरातले फ्लॅश निकामी. बॅटरी कागदावर 330 फोटोंची, कारण पडदा आणि सेन्सर सतत जागे. उन्हात व्हिडिओ चालवला की तापून बंद पडणं, हा त्या पिढीच्या लहान बॉडींचा सर्वांना ठाऊक असलेला आजार. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत रानात लेन्स बदलली तर उघड्या सेन्सरवर धूळ बसलीच समजा. डीएसएलआरमध्ये निदान आरसा आणि शटर आड येतात. शिवाय त्या काळच्या बहुतेक फोटो कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग अर्ध्या तासाच्या आत थांबायचं. अर्धा तास गाठला की युरोपात तो व्हिडिओ कॅमेरा ठरून त्यावर जास्त जकात लागे, म्हणून कंपन्यांनी ही मर्यादा घातलेली. युरोपच्या जकातीपायी कारंज्याच्या गुरुमंदिराजवळचं कीर्तन ऐन रंगात तुटावं, याचा राग मला आजही येतो.

याहून मोठा त्रास माणसांचा होता. "फोटोवाले भाऊ, मोठा कॅमेरा नाई आनला का? हे तं खेळणं दिसते," असं मुलीच्या मामाने म्हणायचं आणि शेजारच्या स्टुडिओवाल्याने हसायचं. तो बॉडीखाली जादा ग्रिप आणि लेन्सपुढे लांब हूड लावून मांडवात मिरवायचा, आणि पैसे त्या लांबीचे मिळायचे. फोटोच्या बाबतीत आकाराला मोल देणारी ही नजर आमच्या व्यवसायाला फार महागात पडली. चांगलं काम करणारी कितीतरी पोरं केवळ रुबाबासाठी कर्ज काढून जड कॅमेरे घेऊन बसली. अल्बम उघडून फोटो पाहायची तसदी घेतली असती, तर निम्मे वाद तिथेच मिटले असते.

मग 2014 आलं आणि सोनीचा ए6000 आला. 24 मेगापिक्सल, कोपऱ्यात व्ह्यूफाइंडर, नेहमीचा फ्लॅश बसेल असा शू, सेन्सरवरच 179 फेज डिटेक्शन बिंदू, सेकंदाला 11 फोटो, आणि हे सगळं 344 ग्रॅममध्ये. पहिल्या पिढीचे बहुतेक दोष एका फटक्यात गेले. कारंजा-सोहोळ अभयारण्यातला उधळलेला काळवीट जुन्या लहान कॅमेऱ्यात पकडणं केवळ नशिबाचं काम होतं. आता तो फ्रेममध्ये टिकू लागला. बॅटरी तीच कमजोर राहिली, पावसाळी सील नव्हतं, टच पडदा नव्हता. तरी त्या कंपनीने आपल्याकडचं चांगल्यातलं चांगलं फोकसतंत्र हलक्या कॅमेऱ्यात घातलं होतं, आणि मला त्याचं मोल सगळ्यात जास्त वाटतं. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची अरुंद मापाची शकुंतला कारंज्यात थांबायची, तेव्हा डब्यात बसून, कुणालाही न अवघडवता, बाजाराला निघालेल्या माणसांचे फोटो मला अशाच कॅमेऱ्यामुळे काढता आले. आता ती गाडीच बंद आहे, तेव्हा तसे फोटो पुन्हा कुणाला मिळायचे नाहीत.

त्याच वर्षांत कंपन्यांनी गिऱ्हाइकांना वाऱ्यावर सोडण्याचा जो सपाटा लावला, तो विसरण्यासारखा नाही. सॅमसंगने एनएक्स मालिका गुंडाळली. निकॉनने 2011 मध्ये आणलेली निकॉन 1 मालिका 2018 मध्ये बंद केली. कॅननच्या ईओएस एम ची सुरुवात 2012 मध्ये मंद फोकसने झाली, पुढे ते कॅमेरे चांगले झाले, आणि 2023 मध्ये मालिकाच संपली. ऑलिंपसने कॅमेऱ्याचा धंदाच विकला. मुंबई-पुण्यात माणूस जुन्या लेन्सा विकून नव्या घेऊ शकतो. तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या माउंटची लेन्स कोण घेणार? ज्यांनी हलक्या कॅमेऱ्यावर विश्वास टाकून पैसे घातले, त्यांनाच सगळ्यात आधी फटका बसला.

कारण उघड आहे. जपानी कॅमेरा कंपन्यांनी 2010 मध्ये जगभर 12 कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले होते. 2023 मध्ये तो आकडा 80 लाखांच्या आत आला. मोबाइलने स्वस्त कॅमेरे संपवले, म्हणून कंपन्या महाग कॅमेऱ्यांकडे वळल्या. 2013 चा सोनी ए7 हा फुल फ्रेम असूनही 474 ग्रॅमचा होता. 2021 चा ए7 फोर 658 ग्रॅमचा झाला. निकॉनचा झेड8 तर 910 ग्रॅमचा, म्हणजे ज्या डी90 ला आम्ही जड म्हणत होतो त्याहून जड. ए6000 च्याच घराण्यातला 2023 चा ए6700 हा 493 ग्रॅमवर गेला आहे. सेन्सर मोठा आणि भोक मोठं ठेवायचं तर लेन्सची काच मोठी लागणारच, तिथे आरसा काढल्याने काही वाचत नाही. वजनाच्या बदल्यात दुप्पट चालणारी बॅटरी, हात स्थिर ठेवणारा सेन्सर आणि डोळ्यावर अचूक बसणारा फोकस मिळाला, हेही खरं आहे. रात्रीच्या वरातीत त्याचा फायदा मला रोज दिसतो.

मात्र हलक्या वर्गात आता अर्धंमुर्धं वाढलं जातं. कॅननचा आर50 हा 375 ग्रॅमचा आहे, व्ह्यूफाइंडरही आहे, पण बॅटरी लहान आणि कार्ड एकच. लग्नात एक कार्ड गेलं तर लग्न परत लागत नाही. सोनीने 2024 मध्ये झेडव्ही-ई10 ची दुसरी आवृत्ती काढली. मोठी बॅटरी घालूनही तिचं वजन 377 ग्रॅम आहे. पण तिला व्ह्यूफाइंडर नाही, यांत्रिक शटर नाही. सगळं काम इलेक्ट्रॉनिक शटरवर, म्हणून एलईडी लावलेल्या मांडवात फोटोवर काळ्या पट्ट्या उठण्याची भीती कायम. हा कॅमेरा स्वतःकडे रोखून व्हिडिओ करणाऱ्यांसाठी आहे. मोठी बॅटरी हलक्या बॉडीत मावते हे कंपनीनेच सिद्ध केलं आहे, आणि कोपऱ्यातला व्ह्यूफाइंडर आणि यांत्रिक शटर 344 ग्रॅममध्ये मावतात हे तर तिने 2014 मध्येच दाखवलं होतं. हे सगळं एकत्र करून 400 ग्रॅमच्या आतली बॉडी काढावी, दोन कार्डांची सोय द्यावी, आणि ती दहा वर्षं तरी विकावी. रिसोडच्या त्या पोराला मी तोवर नवीन काहीच घेऊ नकोस म्हटलं आहे. जुना, नीट जपलेला ए6000 आणि तीन जादा बॅटऱ्या घे, एवढंच सांगितलं.