सगळ्यात मागची मुंगी

पोरांनो, त्या फांदीला हात लावू नका. ओंबील मुंग्या आहेत तिथे. चावतात, वर चावल्या जागी आम्ल सोडतात, म्हणून एवढी आग होते. जरा लांब बसा आणि ते पान बघा. वाकतंय ना?

घरटं बांधतायत. आधी जी ती आपापली कड ओढून बघते. एखादीची कड थोडी वळली, की बाकीच्या आपलं सोडून तिच्याकडे धावतात. पानं लांब असली, तर एकीची कंबर दुसरी तोंडात धरते, दुसरीची तिसरी, अशी साखळीच होते. कडा जुळल्या की काहीजणी घरातल्या अळ्या तोंडात धरून आणतात. अळीच्या तोंडातून रेशमाचा धागा निघतो. मागावरचा धोटा फिरावा तशी अळी या कडेवरून त्या कडेवर फिरते, आणि पानं सांधली जातात. ते रेशीम खरं तर तिने स्वतःच्या कोशासाठी वापरायचं. पण ती ते घराला देते आणि कोशावाचूनच मोठी होते. मला याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

मी सोळा वर्षांचा असताना मालवणला मामांबरोबर रापणीला जायचो. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं सोडत समुद्रात मोठा वळसा घेते आणि दुसरं टोक परत किनाऱ्याला आणते. मग दोन्हीकडून माणसं ओढायला लागतात. पहिल्या दिवशी मी सगळ्यांच्या पुढे. हिसके देऊन ओढत होतो, सगळ्यांनी बघावं म्हणून. तासाभरात तळहात सोलवटले. एका म्हाताऱ्या रापणकराने मला दंडाला धरून पार मागे नेलं आणि म्हणाला, "तू ओढू नको. नुसतो धरून ऱ्हव."

असा राग आला मला! डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात लाट परत फिरली आणि जाळं आत खेचायला लागलं. पुढचे श्वास घ्यायला थांबलेले. आम्ही मागचे दोघे-तिघे टाचा वाळूत रोवून मागे रेललो. दोर ताठ झाला, थरथरला, पण वीतभरही आत गेला नाही. पुढच्यांनी ओढून मिळवलेलं सगळं त्या घटकेला आमच्या हातात होतं.

रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेती-अभियंत्याने माणसांना ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. १९१३ मध्ये ते छापून आलं. माणसं वाढली की दरडोई जोर घटतो, असं त्याला दिसलं. आणि या मुंग्या? २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यांना कागदाचं पान देऊन, त्याला जोर मोजायचं यंत्र जोडलं. पंधराएक जणी झाल्या तेव्हा प्रत्येकीचा जोर एकटीच्या जवळजवळ दुप्पट भरला! संशोधकांना वाटतं, पुढच्या पाय वाकवून ओढतात, मागच्या अंग ताणून नुसत्या धरून राहतात, म्हणून मिळालेला ताण निसटत नाही. मी ते वाचलं आणि तो म्हातारा आठवला.

त्या दिवशी बांगडे चांगले लागले. वाटणी झाली तेव्हा माझा वाटा पुढे ओढणाऱ्यांएवढाच होता. दुसऱ्या दिवशी मी आपणहून मागे जाऊन उभा राहिलो.

ती बघा, सगळ्यात मागची. पाय पसरून पानाला कशी चिकटलीय. हलत नाही.