भूकंप कोणाच्या इच्छेने?

संकट आले की आपल्याकडे दोनच वाक्ये ऐकू येतात. एक, 'देवाची इच्छा!' आणि दुसरे, 'पापाचे फळ!' घरात लेकराचे प्रेत असतानाही सांत्वनाला आलेली माणसे हेच बोलतात. देव दयाळू आहे, सर्वशक्तिमानही आहे, तर मग जगात एवढे दुःख आणि दुष्टावा का? हा साधा प्रश्न आम्ही येथे विचारीत आहोत.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात प्रचंड भूकंप झाला. हजारो माणसे मेली. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली ही शिक्षा आहे, असे गांधीजींनी सांगितले. अस्पृश्यता हे पाप होय, हे आम्ही कशाला नाकारू? पण धरणीने जात विचारून घरे पाडली नाहीत. अन्याय सोसणाऱ्यालाही त्याच तडाख्यात चिरडणारा न्यायाधीश कसला? रवींद्रनाथ टागोरांनी त्याच वर्षी या विधानाला जाहीर विरोध केला. निसर्गाच्या घटनेला नीतीचा निवाडा ठरविणे त्यांना मान्य नव्हते.

भाविक म्हणतात, देवाने माणसाला स्वातंत्र्य दिले. वाईट करतो तो माणूस. खुनाच्या बाबतीत हे उत्तर क्षणभर चालेल. भूकंपाच्या बाबतीत चालत नाही. पाळण्यातल्या बाळाने कोणते स्वातंत्र्य वापरले?

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हाच सवाल मांडला आहे. देव कल्याणकारी असेल तर माणसे खुनी आणि चोर का होतात? आणि सारे तोच घडवीत असेल, तर माणसावर सदाचाराची जबाबदारीच उरत नाही.

आपल्या मराठवाड्याचेच पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. जमीन हलली ती भूगर्भातील हालचालीने. माणसे मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे अंगावर कोसळून. भूकंप थांबविता येत नाही, पण घर मजबूत बांधता येते. जातिभेद तर माणसानेच उभा केला. तो माणसानेच पाडायचा आहे. देवावर भार टाकला की दोषही झाकतो आणि उपायही.

माता-भगिनींनो, 'आई, देवाने असे का केले?' असे मुलाने विचारले तर त्याला गप्प करू नका. भिंत का पडली, ते त्याला सांगा.